दहा फुटी पटिंग मॅट, दहा महिने वापरून झाल्यावर

मागच्या मे महिन्यात घेतलेली गोल्फची पटिंग मॅट, म्हणजे बॉल जमिनीवरून हळूच होलमध्ये घालायचा सराव करायची पट्टी, आज मार्चमध्येही आमच्या हॉलमध्ये पसरलेलीच आहे, गुंडाळी होऊन माळ्यावर गेलेली नाही, आणि माझ्या मते हाच तिचा पहिला गुण. आठवड्याभरात लिहिलेले रिव्ह्यू खूप वाचले होते घेण्याआधी, सगळे पाच स्टार, पण पावसाळ्यात काय होतं, कडा वळतात का, खरंच कोर्सवर फरक पडतो का, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून ठरवलं होतं की नीट वापरून मगच लिहायचं.

मॅट म्हणजे नेहमीचीच, ऑनलाइन पाच-सहा नावांनी जवळपास तीच मिळते. ३ मीटर लांब, साधारण ३० सेंटिमीटर रुंद, वर मखमलीसारखं हिरवं कापड, खाली रबरी थर, टोकाला लाकडी चढ आणि त्यात दोन भोकं, एक मोठं एक छोटं, आणि बाजूने लाकडी पन्हळ म्हणजे बॉल आपल्यापर्यंत परत येतो. मला ४२०० रुपयांना पडली. कापडावर पांढऱ्या रेषा आहेत, फुटांच्या खुणा आहेत. बस, एवढंच. मोटर नाही, ॲप नाही, चार्जिंग नाही.

आता मी कोण ते सांगते म्हणजे रिव्ह्यू कुणासाठी आहे ते कळेल. वय ४६, राहायला चिंचवड, ऑफिस हिंजवडी. गोल्फ सुरू केलं ४१व्या वर्षी, ऑफिसच्या एका ऑफसाइटला पहिल्यांदा क्लब हातात घेतला आणि एक बॉल, एकच, असा काही सुरेख उडाला की तो आवाज अजून कानात आहे. हँडिकॅप २४, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या स्ट्रोकपेक्षा मला साधारण तेवढे जास्त लागतात. रेंज, म्हणजे बॉल मारायच्या सरावाची जागा, घरापासून २२ किलोमीटर, शनिवारी सकाळी चाळीस मिनिटं आणि वर्किंग डे असेल तर सव्वा तास. त्यामुळे माझा सराव कायम तुकड्या-तुकड्यात. कधी आठवड्यात तीनदा जाणार, कधी तीन आठवडे एकदाही नाही. क्वार्टर एंड आला, गणपती आले, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मुलाचं बारावीचं वर्ष, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. ज्यांच्या घरात माणसं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि खंड पडला की मी काय करायचे तर परत गेल्यावर एकदम दीडशे बॉल मारायचे. राहिलेलं सगळं एका दिवसात भरून काढायचं. पहिले तीस बरे, मग हात थकणार, मग स्लाइस (बॉल उजवीकडे वळतो), मग स्लाइस जाण्यासाठी ग्रिप बदल, मग हुक (डावीकडे वळतो), आणि परत येताना गाडीत डोक्यात एकच की आपला स्विंग गेला. दुसऱ्या दिवशी कोपर दुखायची ते वेगळंच. दोन वर्षं हे असंच चाललं होतं, म्हणजे मेहनत होत होती पण ती साठत नव्हती.

आमच्या कोचनी एक साधी गोष्ट सांगितली की तुमच्या अठरा होलच्या स्कोअरमध्ये पट, म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर मारलेले स्ट्रोक, किती असतात मोजा. मोजले. ४० ते ४२. म्हणजे शंभरातले चाळीस स्ट्रोक अशा क्लबचे ज्याचा मी सराव जवळजवळ करतच नव्हते, कारण रेंजवर गेलं की ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, मारण्यातच मजा येते. आणि पटिंग ही एकच गोष्ट आहे जी घरात, साडीवर, अनवाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत करता येते. तिथून मॅटचा विचार सुरू झाला. (टेरेसवर नेट लावायचा विचार पण केला होता पण आमच्या सोसायटीत खाली मुलं खेळतात, बॉल चुकून बाहेर गेला तर, नको. ज्यांचं स्वतःचं अंगण आहे त्यांनी करावा, पण क्रिकेटची जाळी घेऊ नका, गोल्फ बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर असतो आणि क्रिकेटच्या बऱ्याच जाळ्यांची भोकं त्याच्या आसपासच असतात, बारीक भोकांची जाळी विचारून घ्या.)

पहिली मॅट आली ती घडी घालून पाठवलेली, मधोमध आडवी सुरकुती, बॉल तिथे पोचला की उडी मारायचा. विकणाऱ्याने बदलून दिली पण सतरा दिवस आणि अकरा मेसेज लागले. तेव्हा घेताना एकच गोष्ट आधी विचारा, की गुंडाळी करून पाठवता का घडी घालून. घडी असेल तर घेऊच नका, ती सुरकुती जात नाही, मी इस्त्रीही करून पाहिली कापडाखालून, रबर तापलं आणि वास सुटला, सुरकुती तिथेच. दुसरी गुंडाळी करून आली. तिच्या कडा पहिले चार दिवस वर वळत होत्या, उलट बाजूने गुंडाळून एक रात्र ठेवली आणि मग दोन्ही कडांवर मुलाची फिजिक्स-केमिस्ट्रीची जाडजूड पुस्तकं ठेवली, सपाट झाली, परत वळली नाही. पावसाळ्यात एक बारीकसा दमट वास येत होता, उन्हात नाही ठेवली, फॅनखाली उलटी टाकली रविवारी, गेला.

आता वेग. हा भाग जरा नीट वाचा कारण मॅटबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल आणि नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. ग्रीनचा वेग मोजायला स्टिंपमीटर म्हणून एक पट्टी असते, एडवर्ड स्टिंपसन नावाच्या अमेरिकन माणसाने १९३५ मध्ये काढलेली कल्पना, तिरप्या पट्टीवरून बॉल सोडायचा आणि तो किती फूट गेला तोच ग्रीनचा आकडा. मी घरी काय केलं, इलेक्ट्रिशियनकडे वायरिंगची प्लास्टिकची केसिंग पट्टी असते ना, तिचा दोन फुटी तुकडा घेतला. बॉल त्याच्या दोन कडांवर बरोबर बसतो. एक टोक वहीवर टेकवलं, पट्टीवर मार्करने खूण केली आणि त्या खुणेवरून बॉल सोडला. मॅटवर बॉल सात फूट गेला. तीच पट्टी, तीच वही घेऊन शनिवारी प्रॅक्टिस ग्रीनवर गेले, दोन्ही दिशांनी सोडून सरासरी काढली, साडेपाच फूट. म्हणजे माझी मॅट आमच्या ग्रीनपेक्षा बरीच फास्ट. हे माहीत नसताना पहिले दीड महिना मी कोर्सवर प्रत्येक लांब पट कमी मारत होते आणि मला वाटत होतं की माझा फील गेला! फील नव्हता गेला, हाताला मॅटची सवय झाली होती. आता कोर्सवर गेलं की टी-ऑफच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या आधी पंधरा मिनिटं प्रॅक्टिस ग्रीनवर फक्त लांबचे पट मारते, तीस फूट, चाळीस फूट, होलकडे न बघता फक्त अंतर. दिशा घरी, अंतर ग्रीनवर, अशी वाटणी केलीय. हे तुम्ही कराल तर मॅटचे पैसे वसूल, नाही केलं तर मॅट उलट त्रास देईल.

दुसरा दोष टोकाच्या लाकडी चढाचा. बॉल परत यायला चढ हवा हे खरं, पण चढ चढून भोकात पडायला बॉल जोरात मारावा लागतो, आणि खऱ्या होलवर जो पट शेवटच्या घटकेला हळूच आत घरंगळतो तो इथे चढावरून मागे येतो. हाताला ठोकायची सवय लागते. मी काय करते, बहुतेक वेळा चढ वापरतच नाही, मॅट उलटी फिरवून दुसऱ्या टोकाला कागदाचा गोल चिकटवलाय, होलच्या मापाचा, म्हणजे सव्वाचार इंच, १०८ मिलिमीटर. स्टीलची छोटी ताटली घेऊन पेन्सिलने गोल काढला, माप जवळपास जमलं. त्याच्या मागे फूटभर अंतरावर पट्टी आडवी. बॉल गोलावरून गेला आणि पट्टीच्या अलीकडे थांबला तरच बरोबर. बॉल आपल्यालाच उचलून आणावा लागतो, वाकावं लागतं, चालेल. ते छोटं भोक, जे 'प्रो' म्हणून विकतात, ते मी एक महिना वापरून सोडलं. त्याने काही जणांना फायदा होत असेल, मला फक्त चिडचिड झाली.

तिसरं, कापडावरच्या रेषा. सुरुवातीला छान वाटतं, पटरचं (पट मारायच्या क्लबचं) तोंड सरळ आहे का लगेच दिसतं. पण ग्रीनवर रेषा नसते, आणि डोळ्याला रेषेची काठी लागली की तिथे गेल्यावर सगळं वाकडं दिसायला लागतं. आता आठवड्यातून एक दिवस रेषेवर, बाकी दिवस रेषेपासून चार बोटं बाजूला.

रोजचा माझा सराव एवढाच. सहा फुटांवरून वीस पट, मोजून. टॉर्चचे दोन सेल उभे ठेवते बॉलच्या पुढे हातभर अंतरावर, मधे सहा सेंटिमीटरची फट, त्यातून बॉल गेला म्हणजे सुरुवातीची दिशा बरोबर. वीस झाले की किती आत गेले तो आकडा लिहायचा. वेळ असेल तर नंतर एकच बॉल घेऊन तीन फूट, आठ फूट, पाच फूट असं बदलून बदलून, प्रत्येक पटच्या आधी मागे जाऊन, बघून, श्वास घेऊन, जसं कोर्सवर करतो तसं. एकाच जागेवरून पन्नास मारले की त्या जागेपुरता हात बसतो, पण कोर्सवर एकच पट लागोपाठ दोनदा कधी येत नाही. वीस पटांना मला आठ मिनिटं लागतात.

आकडा लिहायचं काम सासूबाईंकडे गेलं, ठरवून नाही, आपोआपच. संध्याकाळी त्या सोफ्यावर असतात, ऑपरेशननंतर टीव्ही बघायचा नव्हता काही दिवस, तर त्या बॉलचा आवाज ऐकून मोजायला लागल्या. कालनिर्णयच्या चौकोनात जिथे दुधाचा हिशोब असतो त्याच्या खालीच त्यांनी माझा आकडा लिहायला सुरुवात केली. दूध दीड लिटर, आणि खाली ११. आणि ज्या दिवशी मी खेळले नाही त्या दिवशी आडवी रेघ. एकदा सलग चार रेघा झाल्या तर रात्री साडेदहाला म्हणाल्या, "अगं, दहा तरी मार, रेघ ओढायला मला बरं नाही वाटत." मी उठून मारले. त्यांच्यामुळे किती दिवस वाचले त्याची गणतीच नाही. खरं सांगायचं तर मॅटला मी चार स्टार देईन पण कॅलेंडरला पाच, आणि ज्याच्या घरी मोजायला कुणी असेल त्याने त्यांना जरूर सामील करून घ्या.

आणि त्या कॅलेंडरनेच मला ती गोष्ट दाखवली जिच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसलेय.

मे महिन्यात वीसात सरासरी नऊ आत जायचे. गणपतीपर्यंत अकरा. दिवाळीच्या सुमारास तेरा. छान चाललं होतं आणि मग नोव्हेंबरमध्ये एका मंगळवारी आठ. वीसात आठ! मे महिन्यापेक्षा वाईट. बुधवारी सोळा. गुरुवारी दहा. मला काही कळेना. मॅट तीच, पटर तोच, फरशी तीच, वारा नाही, उतार नाही, बघणारं कुणी नाही, घाई नाही, झोप झालेली. कोर्सवर वाईट दिवस आला तर मी शंभर कारणं देते, ग्रीन ओलं होतं, पार्टनर बोलत होते, काल उशिरा झोपले. इथे एकही कारण नव्हतं.

मुलगा जेवायला बसला होता, बारावीला आहे, त्याने कॅलेंडर काढून घेतलं आणि ताटाशेजारीच हिशोब मांडला. आई, तुझी सरासरी तेरा आहे म्हणजे एका पटची शक्यता ६५ टक्के. वीस पट. आमच्या पुस्तकात बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन आहे त्याने काढू. ०.६५ गुणिले ०.३५ गुणिले २०, त्याचं वर्गमूळ, साधारण २.१. याचा अर्थ तुझ्यात काहीही बदल झाला नसला तरी तुझा आकडा ९ ते १७ मध्ये कुठेही येणार, वीसातले एकोणीस दिवस असेच, आणि कधीतरी एखादा दिवस त्याच्याही बाहेर. आठ आले म्हणून तू बिघडली नाहीस आणि सतरा आले म्हणून सुधारली नाहीस.

मी ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं त्याला. कारण पाच वर्षं मी नेमकं उलट वागत आले होते. प्रत्येक वाईट दिवसानंतर काहीतरी बदलायचं. ग्रिप बदल, स्टान्स बदल, रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ, एकदा तर नवीन पटर. आणि मग पुढचा दिवस आपोआपच जरा बरा आला की वाटायचं बदलामुळे आला. म्हणजे जे मुळात मोडलेलंच नव्हतं ते मी दुरुस्त करत बसले होते, आणि त्या नादात जे बसलं होतं तेही हलत होतं.

हँडिकॅपचं गणित करणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं हे मला नंतर लक्षात आलं. २०२० पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे त्यात तुमच्या शेवटच्या २० राउंडपैकी सर्वात चांगले ८ धरतात. बाकीचे १२ सरासरीत येतच नाहीत. वीसातले बारा! मी इतकी वर्षं ते बारा मनात धरून बसत होते. आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले खेळाडू, ज्यांचं आयुष्य यात गेलंय, तेही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट आत घालतात. आपण आठ फुटांवरून चुकलो की मान खाली.

आपली गोल्फर आदिती अशोक, तिचं उदाहरण मला फार जवळचं आहे. २०२३ च्या एशियन गेम्समध्ये हांगझोला शनिवारी तिने ६१ केले, अकरा अंडर म्हणजे ठरलेल्या स्ट्रोकपेक्षा अकरा कमी, सात शॉटची आघाडी. आम्ही घरात सगळे टीव्हीसमोर, सुवर्ण आलंच. रविवारी ७७. तोच कोर्स, तेच क्लब, तीच मुलगी, एका रात्रीत सोळा शॉटचा फरक. रौप्य मिळालं, एशियन गेम्समध्ये गोल्फचं पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. मी त्या दिवशी खूप रडले होते तिच्यासाठी, वाटलं होतं आता ही कशी सावरणार. पण ६१ वाली आदिती आणि ७७ वाली आदिती वेगळ्या नव्हत्या हे मला माझ्या कॅलेंडरमधले आठ आणि सोळा शेजारी-शेजारी बघून कळलं. ती पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्येही खेळली.

डिसेंबरच्या मंथली मेडलला, म्हणजे दर महिन्याच्या स्पर्धेला, माझी परीक्षा झाली. माझा नेहमीचा स्कोअर ९८ च्या आसपास, त्या दिवशी ११२. चौथ्या होलला दोन शँक (बॉल क्लबच्या दांड्याजवळ लागून भलतीकडेच जातो), नंतर ड्रायव्हर दोनदा आउट ऑफ बाउंड्स, एक पाण्यात. चौदाव्याला मला खरंच सोडून घरी जावंसं वाटत होतं. कॅडी काका गेली तीन वर्षं माझ्याबरोबर असतात, ते फारसं बोलत नाहीत, बॅग उचलताना एवढंच म्हणाले, "मॅडम, पाण्याची बाटली काढा, पाणी प्या आधी. घाई होतेय बाकी काही नाही." प्यायले. उरलेले चार होल तीन-चतुर्थांश स्विंगने खेळले, ड्रायव्हर बॅगमधून काढलाच नाही.

घरी आल्यावर यावेळी व्हिडिओ नाही लावले. स्कोअरकार्ड घेऊन बसले आणि स्ट्रोक वेगळे केले. पट ३५. ३५! वर्षापूर्वी चांगल्या दिवशीही चाळीस व्हायचे. म्हणजे सगळ्यात वाईट राउंडमध्ये माझं पटिंग वर्षातल्या चांगल्यात होतं, आणि जादाचे स्ट्रोक पेनल्टी आणि त्यानंतर घाबरून मारलेल्या शॉटचे. हे मोजलं नसतं तर मी नक्की म्हटलं असतं की आज काहीच चाललं नाही. आता नियमच केलाय की वाईट दिवसानंतर दोन दिवस क्लबला हात लावायचा नाही, पटर सोडून. मॅटवर वीस पट नेहमीसारखे, आकडा कॅलेंडरवर, बास. तिसऱ्या दिवशीही तीच गोष्ट चुकतीय असं वाटलं तर कोचला विचारायचं, आणि तेही एकच गोष्ट. पुढचा राउंड १०४ आला, लगेच काही जादू झाली नाही, त्याच्या पुढचा ९६. १०४ नंतरही मी काही बदललं नाही याचा मला त्या ९६ पेक्षा जास्त आनंद आहे.

हे मात्र खरं की सगळे वाईट दिवस नुसतेच येतात-जातात असं नाही, काही वेळा खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. जानेवारीत माझी सरासरी दोन आठवडे दहावर अडकली, एक दिवस नाही, सलग बारा दिवस, एकही दिवस बाराच्या वर नाही. मुलगा म्हणाला हे मात्र नुसतं इकडचं-तिकडचं नाही, बघ. मोबाइल जमिनीवर ठेवून समोरून व्हिडिओ काढला तर माझे डोळे बॉलच्या बरेच आत आलेले होते, म्हणजे मी बॉलपासून लांब उभी राहायला लागले होते, बहुतेक थंडीत पायात जाड सपाता घालून खेळत होते म्हणून उंची आणि तोल दोन्ही बदललं. सपाता काढल्या, बॉल जवळ घेतला, आठवड्याभरात तेरा. तर एक दिवस काहीच सांगत नाही, दोन आठवडे सांगतात. आणि दोन आठवड्यांचे आकडे हातात हवेत तर रोजचा एक आकडा लिहायलाच लागतो, तो रेंजवर २२ किलोमीटर जाऊन कधीच लिहिला गेला नसता.

खंड अजूनही पडतो, हे पण सांगते. फेब्रुवारीत ऑफिसचं ऑडिट आणि घरात बारावीची परीक्षा, कॅलेंडरवर नऊ रेघा सलग. पण परत सुरू करताना आता दीडशे बॉलचा हट्ट नाही. पहिल्या दिवशी तीन फुटांवरून दहा पट, आकडा लिहायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाच फूट. तिसऱ्या दिवशी सहा फुटांवरून वीस आणि मगच आकडा. यावेळी तिसऱ्या दिवशी बारा आले. नऊ दिवसांनी बारा! हातात जे साठलंय ते नऊ दिवसांत जात नाही हे डोळ्यांनी दिसलं. रेंजवर गेले तेव्हाही चाळीसच बॉल, त्यातले पंचवीस वेज आणि आठ नंबर आयर्न, म्हणजे कमी अंतराचे क्लब, पंधरा बाकीचे. रेंजची मॅट लबाड असते हे लक्षात असू द्या, क्लब बॉलच्या मागे दोन इंच पडला तरी तो मॅटवरून घसरून बॉलला लागतो आणि शॉट बरा वाटतो, तोच शॉट गवतावर मातीत रुततो. मी बॉलच्या मागे वीतभर अंतरावर हातरुमालाची घडी ठेवते, रुमाल हलला की समजायचं.

घ्यावी का तर ज्यांचे पट अठरा होलला छत्तीसच्या वर जातात आणि ज्यांना रेंजला आठवड्यातून एकदाही जायची खात्री नाही, त्यांनी नक्की घ्या. ज्यांच्या घरात तीन मीटर सरळ जागा कायमची सुटत नाही त्यांनी नका घेऊ, कारण रोज पसरायची आणि गुंडाळायची म्हटलं की आठ दिवसांत संपतं, मी दिवाळीत पाहुणे होते तेव्हा गुंडाळून ठेवली होती तर ते सहा दिवस सहाही रेघा आहेत. त्यापेक्षा दीड मीटरचा कार्पेटचा तुकडा पलंगाच्या कडेने टाका आणि तीन फुटांवरून मारा. ज्यांचं पटिंग आधीच चांगलं आहे आणि उतार वाचायला शिकायचंय त्यांना या मॅटने काही मिळणार नाही, ती सपाट आहे, ब्रेक, म्हणजे उतारावर बॉल कसा वळतो ते, शिकायचा तर ग्रीनवरच जावं लागेल.

टिकाऊपणा: दहा महिन्यांत जिथे बॉल ठेवते तिथलं कापड थोडं बसलंय, पांढरी रेष सहा फुटांच्या आसपास पुसट झालीय. केस आणि धूळ फार धरते, आठवड्यातून दोनदा हलक्या ब्रशने एकाच दिशेने झाडते, दिशा बदलली तर लव उलटी होते आणि बॉलचा वेग बदलतो. लाकडी चढाचा एक खिळा निघाला होता, फेव्हिकॉलने बसला. खालचं रबर फरशीवर सरकत नाही, गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल असूनही.

मॅटला पाचपैकी चार. एक स्टार चढासाठी कापलाय आणि तो कापायलाच हवा. परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, फक्त रुंदी ५० सेंटिमीटरची, कारण ३० मध्ये पाय मॅटच्या बाहेर फरशीवर राहतात आणि बॉल पायांपेक्षा किंचित वर येतो.

नवीन कॅलेंडरवर मार्चचं पान लागलंय. काल १०, आज १५, दूध दीड लिटर.